स्टेट कॉलेज म्हणजे सरकारी कॉलेज का? विधिमंडळ आणि शिक्षक घडवणारी कॉलेजे



संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ घेता घेता एका मैत्रिणीने बातमी सांगितली. तिची मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिने घरी जाहीर केले आहे की तिला प्राथमिक शाळेत शिक्षिका व्हायचे आहे. डॉक्टर नाही, कॉम्प्युटर नाही, शिक्षिका! पुण्याचे आजी-आजोबा फोनवर क्षणभर गप्पच झाले म्हणे. आई-बाबांनी मात्र मनाची तयारी केली आणि कॉलेजे पाहायला सुरुवात केली. मग तिने मला विचारले, "अगं, ही सगळी स्टेट कॉलेजं म्हणजे सरकारीच ना? मग फी एवढी कशी? माझी आई सरकारी अध्यापक विद्यालयात शिकली तेव्हा उलट तिलाच थोडं विद्यावेतन मिळायचं."

मला त्या दिवशी धड उत्तर देता आले नाही. नंतर वाचत गेले तेव्हा लक्षात आले की या साध्या प्रश्नाच्या मागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. अमेरिकेतही एके काळी शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांना फी नव्हती. आपल्या मुलांना उपयोग होईल म्हणून जे समजले ते येथे लिहिते आहे. उदाहरणे मुख्यतः न्यू जर्सीची आहेत, पण इतर राज्यांतील वाचकांनाही त्यात ओळखीचे बरेच सापडेल.

आधी नावाचा घोळ

अमेरिकेत शिक्षक तयार करणाऱ्या सरकारी संस्थेचे जुने नाव 'नॉर्मल स्कूल'. याचा अर्थ बाकीच्या शाळा ॲबनॉर्मल असा नव्हे! फ्रेंचमधील 'एकोल नॉर्माल'वरून हे नाव आले. 'नॉर्म' म्हणजे नमुना किंवा आदर्श. शिकवावे कसे याचा नमुना घालून देणारी ती नॉर्मल स्कूल. इलिनॉयमध्ये तर 'नॉर्मल' नावाचे गावच आहे. १८५७ साली तेथील विधिमंडळाने राज्याचे अध्यापक विद्यापीठ काढायचे ठरवले आणि जे गाव जास्त मदत देईल तेथे ते उभारायचे असे ठरले. ब्लूमिंग्टनने पिओरियावर मात केली. गावाने कबूल केलेल्या रकमेच्या हमीचा कागद तयार केला तो अब्राहम लिंकन नावाच्या वकिलाने. पुढे विद्यापीठाभोवती जे गाव वसले त्याला नाव पडले नॉर्मल.

आणखी एक खुलासा. न्यूयॉर्कमधील प्रसिद्ध 'टीचर्स कॉलेज' हे कोलंबिया विद्यापीठाचे, म्हणजे खाजगी. त्याचा या लेखाशी संबंध नाही. आपण बोलतो आहोत ते राज्याच्या कायद्याने जन्मलेल्या कॉलेजांबद्दल.

जन्म विधिमंडळात, आणि मरणही टळले तेथेच

पहिली सरकारी नॉर्मल स्कूल मॅसॅच्युसेट्सची. होरेस मान हे तेथील सेनेटचे अध्यक्ष होते. १८३७ साली ते राजकारण सोडून राज्याच्या नव्या शिक्षण मंडळाचे सचिव झाले. गावोगावी हिंडल्यावर त्यांना दिसले की शाळा आहेत, पण शिकवणाऱ्याला शिकवायचे कसे हे कोणी सांगितलेलेच नाही. एडमंड ड्वाइट या उद्योगपतीने १८३८ साली दहा हजार डॉलर देऊ केले, पण एका अटीवर: राज्याने तेवढेच पैसे घालावेत. विधिमंडळाने ते घातले. ३ जुलै १८३९ रोजी लेक्सिंग्टन येथे शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी आल्या फक्त तीन मुली. तीच संस्था आज फ्रेमिंगहॅम स्टेट युनिव्हर्सिटी म्हणून ओळखली जाते.

पण गंमत पुढे आहे. वर्षही पुरे झाले नाही तोच, मार्च १८४० मध्ये, त्याच विधिमंडळात ठराव आला की शिक्षण मंडळ आणि नॉर्मल स्कूल दोन्ही बंद करा, आणि ड्वाइट यांचे पैसे परत करा. खर्च वाढतो, राज्य गावांच्या शाळांत नाक खुपसते, अशा तक्रारी होत्या. मतदान झाले. १८२ विरुद्ध २४५ मतांनी ठराव फेटाळला गेला. बत्तीस जणांनी बाजू बदलली असती तर अमेरिकेतील शिक्षक-प्रशिक्षणाचा हा प्रयोग तेथेच आटोपला असता.

आपल्याकडेही हा प्रश्न त्याच शतकात ऐरणीवर आला होता. १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि त्यांना बरा पगार मिळावा अशी मागणी होती. त्यानंतर चारच वर्षांनी पंडिता रमाबाई अमेरिकेत आल्या आणि फिलाडेल्फियात त्यांनी बालवाडीच्या शिक्षणपद्धतीचे प्रशिक्षण घेतले. १८८९ साली 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे त्यांचे पुस्तक निघाले. म्हणजे या देशातील शिक्षणव्यवस्थेकडे कुतूहलाने पाहणारे आपण काही पहिले मराठी लोक नव्हे!

ट्रेंटनची गोष्ट

न्यू जर्सीच्या विधिमंडळाने १८५५ साली कायदा करून ट्रेंटनला राज्याची पहिली नॉर्मल स्कूल काढली. तेव्हाचा सौदा साधा होता. राज्य शिकवण्याचा खर्च करील, विद्यार्थ्याने राज्यातील सार्वजनिक शाळांत शिकवण्याचा शब्द द्यायचा. शेतकऱ्याच्या, कारागिराच्या मुलींना घराबाहेर पडून मानाने कमावण्याचा तो एक मोठा मार्ग होता.

पुढे अशा शाळा वाढत गेल्या. माँटक्लेअरला १९०८ मध्ये, ग्लासबरोला १९२३ मध्ये, जर्सी सिटीला १९२९ मध्ये. नेवार्क आणि पॅटर्सन येथील शाळा मूळच्या शहरांच्या. त्या नंतर राज्याने आपल्याकडे घेतल्या. मग दोन वर्षांचा अभ्यासक्रम चार वर्षांचा झाला, 'नॉर्मल स्कूल'चे 'टीचर्स कॉलेज' झाले, आणि १९५८ साली सहाही संस्थांच्या नावातून 'टीचर्स' हा शब्द जाऊन त्या 'स्टेट कॉलेज' झाल्या.

आज ही नावे आपल्याला ओळखू येत नाहीत, कारण ती पुन्हा बदलली. ट्रेंटन स्टेट १९९६ साली 'द कॉलेज ऑफ न्यू जर्सी' झाले. (हे नाव प्रिन्स्टन विद्यापीठाचे मूळचे! प्रिन्स्टनने हरकत घेतली, शेवटी तडजोड झाली.) नेवार्कचे कॉलेज युनियनला हलले आणि आज ते कीन युनिव्हर्सिटी आहे. ग्लासबरोला १९९२ साली हेन्री रोवन या उद्योगपतीने दहा कोटी डॉलर देण्याचे जाहीर केले आणि कॉलेजाला त्यांचे नाव मिळाले. २०१२ साली विधिमंडळाने वैद्यकीय शिक्षणाची फेररचना केली, आणि २०१३ पासून राज्याचे ऑस्टिओपॅथिक मेडिकल कॉलेज रोवनकडे आले. जेथे मास्तर तयार होत तेथे डॉक्टर तयार होऊ लागले!

कॅलिफोर्नियातील मंडळींनी हसू नये. आपली मुले ज्या यूसीएलएसाठी जीव टाकतात ती १८८२ साली लॉस एंजेलिसची नॉर्मल स्कूल म्हणून उघडली. १९१९ साली विधिमंडळाने कायदा करून ती कॅलिफोर्निया विद्यापीठाची शाखा केली. सॅन होजे स्टेटही मूळची राज्याची नॉर्मल स्कूलच.

शाळा हक्काची, कॉलेज मर्जीचे

आता मुद्द्यावर येऊ. माझ्या मते साऱ्या विषयाची किल्ली येथे आहे.

न्यू जर्सीच्या राज्यघटनेत लिहिले आहे की पाच ते अठरा वयाच्या सर्व मुलांसाठी मोफत सार्वजनिक शाळांची पुरेशी आणि कार्यक्षम व्यवस्था विधिमंडळाने केलीच पाहिजे. हे कलम १८७५ सालच्या घटनादुरुस्तीतून आले. ते नुसते शोभेचे नाही. १९७३ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शाळांना पैसा पुरवण्याची पद्धत या कलमात बसत नाही. विधिमंडळ टाळाटाळ करत राहिले, तेव्हा जुलै १९७६ मध्ये न्यायालयाने चक्क सार्वजनिक शाळा बंद ठेवल्या. काही दिवसांतच आयकराचा कायदा मंजूर झाला. दरवर्षी आपण न्यू जर्सीचा आयकर भरतो, त्याचे मूळ हे आहे.

कॉलेजांसाठी असे कलम घटनेत नाही. ज्या शाळेत मुलगा शिकतो ती त्याचा हक्क, पण त्या शाळेची शिक्षिका जेथे तयार होते ते कॉलेज मात्र साध्या कायद्याचे अपत्य. विधिमंडळाने ते काढले, विधिमंडळ त्याचे नाव, रचना, अनुदान सारे बदलू शकते. त्यामुळे मंदी आली की कात्री कोठे चालते? शाळांचे पैसे कमी करायला गेले तर कोणी न्यायालयात जाईल ही धास्ती. कॉलेजांचे कमी केले तर कॉलेज फी वाढवून भागवून नेते. २०१० साली, मोठ्या मंदीनंतरच्या अर्थसंकल्पात, न्यू जर्सीत असेच झाले.

सगळीकडे असे नाही बरे का. कॅलिफोर्निया विद्यापीठाला, म्हणजे बर्कली, यूसीएलए वगैरेंना, १८७९च्या राज्यघटनेनेच स्वायत्तता दिली आहे. पण जुन्या नॉर्मल स्कूलांतून वाढलेली 'कॅल स्टेट' कॉलेजे १९६०च्या कायद्याने एकत्र बांधली गेली. त्यांना घटनेचे कवच नाही. फरक काय पडतो पाहा. २०२० साली विधिमंडळाने कायदा केला की कॅल स्टेटच्या प्रत्येक पदवीधराने एथ्निक स्टडीजचा एक कोर्स केला पाहिजे. कॅल स्टेटच्या विश्वस्तांनी स्वतःचा वेगळा नियम ठरवला होता, तो बाजूला पडला. कायदा बर्कलीला मात्र लागू झाला नाही. दोन्ही सरकारी, पण एकाला अभ्यासक्रमाचा हुकूम देता येतो, दुसऱ्याला देणे अवघड.

मधली भिंत: विश्वस्त मंडळ

मग आमदार रोज कॉलेजात येऊन ढवळाढवळ करतात का? नाही. आणि याचे श्रेय मधल्या भिंतीला आहे.

१९६६ पर्यंत न्यू जर्सीची ही कॉलेजे शाळांच्याच राज्य शिक्षण मंडळाखाली होती. त्या वर्षी उच्च शिक्षणाचे वेगळे मंडळ आणि खाते निघाले. १९८६ साली स्टेट कॉलेजांना स्वायत्तता देणारे कायदे झाले. १९९४ साली गव्हर्नर क्रिस्टीन टॉड व्हिटमन यांच्या काळात ते खातेच बरखास्त झाले आणि बहुतेक अधिकार प्रत्येक कॉलेजाच्या विश्वस्त मंडळाकडे गेले. विश्वस्तांची नेमणूक गव्हर्नर करतात, सेनेट संमती देते, आणि हे काम बिनपगारी असते. प्रेसिडेंट कोण, फी किती, कोणते विभाग चालवायचे, हे विश्वस्त ठरवतात.

ऐकायला छान. पण स्वायत्ततेला दुसरी बाजू आहे. फी ठरवायची मोकळीक मिळाली, तसा राज्याचा हात आखडत गेला तरी ओरड कॉलेजाच्या नावाने होऊ लागली. गंमत म्हणजे स्टेट कॉलेजांतील प्राध्यापकांच्या पगाराचा करार त्यांची संघटना राज्य सरकारशी करते. म्हणजे पगार ठरतो ट्रेंटनला आणि तो भागवायचा कॉलेजाने. वाढलेला भार शेवटी फीच्या बिलात उतरतो. मैत्रिणीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथे आहे.

भिंत ढासळली तर काय होते याचे ताजे उदाहरण जर्सी सिटीचे. १९२९च्या त्या नॉर्मल स्कूलची पुढे न्यू जर्सी सिटी युनिव्हर्सिटी झाली. २०२२ साली तिने आर्थिक आणीबाणी जाहीर केली. राज्याने मदत दिली, पण वर देखरेखीसाठी अधिकारी बसवला आणि जोडीदार संस्था शोधायला सांगितले. मार्च २०२५ मध्ये तिच्या विश्वस्तांनी कीन युनिव्हर्सिटीची निवड केली. एके काळच्या दोन नॉर्मल स्कूल एकत्र येण्याच्या वाटेवर निघाल्या. संस्था अडचणीत आली की तिचा खरा पालक कोण हे लगेच कळते.

परवाना कोण देतो?

कॉलेज पदवी देते, पण शिकवण्याचा परवाना राज्य देते. भारतात डी.एड., बी.एड.चे नियम करायला एनसीटीई ही केंद्राची संस्था आहे. येथे वॉशिंग्टनचा त्यात थेट अधिकार नाही; प्रत्येक राज्य आपले नियम करते. म्हणून न्यू जर्सीचा परवाना घेऊन पेनसिल्व्हेनियात गेले की पुन्हा कागदपत्रे!

एरवी हे नियम शिक्षण मंडळ आणि शिक्षण खाते ठरवते. पण विधिमंडळाने मनात आणले तर एका कायद्याने चित्र बदलते. होणाऱ्या शिक्षकाने आपल्या वर्गाचा व्हिडिओ व लेखी काम पाठवायची 'एडटीपीए' ही परीक्षा न्यू जर्सीत लागू झाली होती. महागडी आणि वेळखाऊ अशी तक्रार होती. डिसेंबर २०२२ मध्ये कायदा होऊन ती अट गेली. मग २०२४ च्या कायद्याने वाचन-लेखन-गणिताची 'प्रॅक्सिस कोअर' ही चाचणीही १ जानेवारी २०२५ पासून काढून टाकली. विषयाची परीक्षा मात्र राहिली. शिक्षक मिळेनात म्हणून दार रुंद केले असे एक बाजू म्हणते. दर्जा उतरेल असे दुसरी म्हणते. दोन्हींत तथ्य आहे. पण या वादाचा निकाल कॉलेजांच्या हातात नव्हता, तो विधिमंडळात लागला, एवढे आपण ध्यानात ठेवावे.

आपल्यातील अनेक भगिनी भारतातून एम.एस्सी. करून आल्या आणि मुलांच्या मागे करिअर मागे पडले. त्यांच्यासाठीही एक दार आहे. न्यू जर्सीने १९८५ साली देशात आघाडी घेऊन 'अल्टरनेट रूट' सुरू केला. पदवी आहे पण शिक्षणशास्त्राची नाही, अशांनी पात्रतेचे प्रमाणपत्र घ्यायचे, शाळेत नोकरी मिळवायची आणि शिकवता शिकवता प्रशिक्षण पुरे करायचे. भारतीय पदवीचे मूल्यांकन आधी करून घ्यावे लागते. गणित आणि विज्ञानाच्या शिक्षकांना मागणी आहे.

मग फीचे काय?

१८५५चा सौदा पूर्ण संपला असे नाही, त्याचे तुकडे शिल्लक आहेत. राज्यात किमान बारा महिने वास्तव्य असल्यास रहिवाशांची कमी फी लागते. २०२२ पासून 'गार्डन स्टेट गॅरंटी' योजनेत ६५,००० डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील मुलांना सरकारी कॉलेजात तिसऱ्या-चौथ्या वर्षाची ट्यूशन भरावी लागत नाही. हा पैसा मात्र दरवर्षी अर्थसंकल्पातून यावा लागतो. केंद्राची 'टीच ग्रँट' २००७च्या कायद्याने आली. वर्षाला जास्तीत जास्त ४,००० डॉलर मिळू शकतात; त्या बदल्यात गरीब वस्तीतील शाळेत, टंचाई असलेल्या विषयाची चार वर्षे शिकवायचे. शब्द मोडला तर अनुदानाचे कर्ज होते, व्याजासकट! सही करण्यापूर्वी हे मुलांना नीट समजावून सांगा.

आपण काय करू शकतो

न्यू जर्सीत चाळीस मतदारसंघ आहेत. प्रत्येकातून एक सेनेटर आणि दोन असेंब्ली सदस्य. गव्हर्नर वर्षाच्या सुरुवातीला अर्थसंकल्प मांडतात. वसंतात दोन्ही सभागृहांच्या अर्थसंकल्प समित्या सुनावण्या घेतात, कधी कधी कॉलेजांच्या आवारातही. ३० जूनपर्यंत तो मंजूर व्हावा लागतो. २००६ साली विक्रीकराच्या भांडणात ही तारीख उलटली आणि सरकारी कचेऱ्यांबरोबर अटलांटिक सिटीचे कॅसिनोही बंद झाले होते, ते जुन्या मंडळींना आठवत असेल.

या सुनावण्यांत कोणीही नाव नोंदवून दोन-तीन मिनिटे बोलू शकतो. त्यासाठी नागरिक असण्याची अट नाही; ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा असलेला माणूसही कर भरतोच. कॉलेजांच्या इमारतींसाठी ७५ कोटी डॉलरचे कर्ज काढायचे की नाही हे २०१२ साली थेट मतदारांना विचारले गेले आणि मतदारांनी होकार दिला. माँटक्लेअर, रोवनच्या नव्या इमारतींकडे पाहताना ते आठवावे.

आपल्या समाजातील लोकही आता या सभागृहांत पोचले आहेत. उपेंद्र चिवुकुला २००२ पासून बारा वर्षे असेंब्लीत होते. २०२२ साली सेनेटच्या शिक्षण समितीचे अध्यक्षपद विन गोपाल यांच्याकडे आले. आपण मात्र अजून प्रॉपर्टी टॅक्सचे बिल आले की तेवढ्यापुरते ट्रेंटनला शिव्या देतो.

तर मैत्रिणीला मी आता असे उत्तर दिले आहे: स्टेट कॉलेज सरकारीच आहे, पण सरकार त्याचे मालक जितके आहे तितके पोशिंदे राहिलेले नाही. जन्म दिला विधिमंडळाने, नाव ठेवले विधिमंडळाने, परवान्याचे नियमही शेवटी त्याच्याच हाती. फक्त खर्चाचा मोठा वाटा हळूहळू पालकांच्या खिशात सरकला. हे कोणा एकाने ठरवून केले नाही. दरवर्षी जूनमध्ये थोडे थोडे होत गेले, आणि ज्यांनी विचारायला हवे होते त्यांनी विचारले नाही.

मुलीने तीन कॉलेजांना अर्ज पाठवले आहेत. तिन्ही एके काळच्या नॉर्मल स्कूल. आणि पुण्याचे आजोबा? ते स्वतः निवृत्त मुख्याध्यापक. आजीने सांगितले की त्या फोननंतर ते बराच वेळ गॅलरीत बसून होते. दुसऱ्या दिवशी त्यांनीच नातीला फोन केला आणि विचारले, "पहिलीच्या वर्गाला शिकवणार की चौथीच्या? पहिलीच घे. तिथंच खरं काम असतं."